गरम इंजिन, आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकतो – मदत हवी आहे

पेट्रोल हॅचबॅक, १,४०,००० किमी. इंजिन थंड असताना सगळं ठीक, पण तापल्यावर सिग्नलला थांबलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. रेस दिली की विझतो. ऑइल ५डब्ल्यू-३०, लेव्हल बरोबर. फिल्टर आणि प्रेशर स्विच नवे टाकले. मेकॅनिकल गेज लावून ऑइलचं प्रेशर पाहिलं: गरम आयडलला ०.५ बार, २००० आरपीएमला २.४. खडखड नाही, गळती नाही.

मेकॅनिक म्हणतो, जाड २०डब्ल्यू-५० ऑइल टाका. दिवा विझेलही, पण बेअरिंगचा गॅप वाढला असेल तर जाड ऑइलने प्रेशरचा आकडा चढेल आणि प्रवाह घटेल, असं मला वाटतं. इंजिन लगेच उतरवायचं नाही, ऑइल संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) काढायची तयारी आहे.

बेअरिंगची झीज, ऑइल पंपाची तुंबलेली जाळी की अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा), हे गेजच्या आकड्यांवरून कसं ओळखायचं?