गर्भपिशवीत तीन गाठी: मूल हवं असेल तर नेमकी कुठली काढायची?

कोरांटी:
वय ३३, दोन वर्षं मुलासाठी प्रयत्न. पाळीत आठ-नऊ दिवस अंगावरून जातं, गुठळ्या पडतात, हिमोग्लोबिन ८.२. आतून केलेल्या सोनोग्राफीत तीन फायब्रॉइड: पिशवीच्या बाहेरच्या अंगाला ६ सेंमी, स्नायूत ३.५ सेंमी, अस्तराखाली १.८ सेंमी. घरचे सगळे सहा सेंमीच्या गाठीला घाबरलेत. "पोट उघडून तिन्ही काढू" असा सल्ला मिळालाय. तिन्ही काढाव्या लागतात का? गोळ्यांनी विरघळत नाहीत का?

पळसपान:
घाबरायचंच असेल तर १.८ ला घाबरा. बाहेरच्या अंगाची गाठ सहा सेंमीची असली तरी गर्भ रुजतो त्या पोकळीशी तिचा संबंध येत नाही. अस्तराखालची गाठ मात्र पोकळीत फुगवटा आणते. तिच्यावरचं अस्तर धड वाढत नाही, त्यामुळे गर्भ रुजायला अडचण येते, रक्तस्राव वाढतो आणि गर्भपाताची शक्यताही वाढते.

रिपोर्टमध्ये फिगोचा (स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) टाइप, म्हणजे गाठ कुठे आहे त्याचा क्रमांक, लिहून घ्या. ० म्हणजे देठावर पोकळीत लोंबणारी, १ म्हणजे निम्म्याहून जास्त पोकळीत, २ म्हणजे निम्मी किंवा त्याहून जास्त स्नायूत रुतलेली. नीट कळत नसेल तर पोकळीत सलाईन सोडून सोनोग्राफी करतात. ती पाळी थांबल्यावर, साधारण दहाव्या दिवसाच्या आत. आणि हो, दोन वर्षांचं खापर गाठीवर फोडण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी आणि तुमच्या गर्भनळ्यांची तपासणी झालीय ना?

दुर्बीण:
टाइप ० किंवा १ असेल तर पोटावर एकही टाका नको. योनीमार्गातून दुर्बीण घालून तारेच्या लूपने गाठ खरवडून काढतात, बहुतेकदा त्याच दिवशी घरी.

धोका असतो तो पिशवी फुगवायला सोडलेल्या द्रवाचा. तो कापलेल्या शिरांतून रक्तात शिरतो. लूपला वीज देणारं यंत्र नव्या, बायपोलर प्रकारचं आणि द्रव सलाईन असेल तर शोषलेला द्रव २५०० मिली झाला की थांबायचं. जुन्या मोनोपोलर यंत्राला ग्लायसिन (मीठ नसलेला द्रव) लागतं, तिथे मर्यादा १००० मिलीच, कारण रक्तातलं सोडियम घसरून मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून किती आत गेलं आणि किती बाहेर आलं, याचा हिशेब ठेवणारं माणूस खोलीत हवंच. टाइप २ ला गाठीपासून पिशवीच्या बाहेरच्या आवरणापर्यंत ५ मिमी तरी जागा लागते, नाहीतर पिशवीला भोक पडायची भीती. मोठी असेल तर दोन बैठकांत काढतात.

आघाडा:
हिमोग्लोबिन ८.२ असताना भूल द्यायची घाई नको. तोंडी लोहाने महिने जातात. फेरिक कार्बोक्सीमाल्टोज हे लोह शिरेतून देतात, ५० किलोच्या पुढे वजन असेल तर एका वेळी १००० मिग्रॅपर्यंत. हिमोग्लोबिन चढायला तीन-चार आठवडे धरा. तोवर जास्त रक्तस्रावाच्या दिवसांत ट्रॅनेक्सामिक ॲसिड १ ग्रॅम दिवसातून तीनदा, चार-पाच दिवसच. पूर्वी शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर नाही. याने रक्त कमी जातं, गाठ नाही.

गाठ आकसते ती ल्युप्रोलाइडच्या (हार्मोन दाबणाऱ्या) इंजेक्शनांनी, पण तेवढ्या काळात बीजच तयार होत नाही आणि थांबवल्यावर काही महिन्यांत गाठ पुन्हा वाढते. युलिप्रिस्टल या गाठीवरच्या गोळीबद्दल विचाराल तर यकृताच्या गंभीर इजेमुळे युरोपात २०२० मध्ये त्यावर कडक बंधनं आली. मूल हवंय तर विरघळवणारी गोळी नाही.

कोरांटी:
आणि ३.५ चं काय?

पळसपान:
इथे डॉक्टरांतही दोन तट आहेत. पोकळी सरळ असेल तर माझं मत: हात लावू नका. स्नायू कापला की व्रण राहतो, चिकटण होते.

दुर्बीण:
पोकळी वाकडी झाली असेल किंवा आयव्हीएफ पुन्हा पुन्हा फसलं असेल, तरच मी काढण्याच्या बाजूने. काढलीच तर किमान तीन ते सहा महिने गर्भ राहू द्यायचा नाही. चीर पोकळीपर्यंत गेली होती का, हे ऑपरेशनच्या कागदावर लिहून घ्या. बाळंतपणात कळा येऊ द्यायच्या की आधीच सिझेरियन करायचं, ते बरंचसं त्या एका ओळीवरून ठरतं.