मदत हवी आहे: दोन्ही गन चालू झाल्या की पेट्रोल पंपावरचा ईव्ही चार्जर ट्रिप होतो

पेट्रोल पंपावर इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ६० किलोवॅटचा डीसी चार्जर आहे, दोन सीसीएस-२ गन, म्हणजे गाडीत लावायचे प्लग (प्रत्येकी ३० किलोवॅट, ३०+३०). एकच गाडी असली की काहीच अडचण नाही. दुसरी लागली की दहा मिनिटांत 'अंडरव्होल्टेज' (व्होल्टेज कमी) दाखवून दोन्ही सेशन बंद.

फुल लोडला करंट साधारण ९० अँपिअर. त्या वेळी मीटरपाशी ३८८ व्होल्ट, चार्जरच्या टर्मिनलवर ३७२. केबल ७० स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम, लांबी ११० मीटर. हिशेबाने केबलमध्ये व्होल्टेजचा ड्रॉप ८-९ व्होल्टच यायला हवा. उरलेले ७ कुठे जातात? चेंजओव्हर स्विचमधला (सप्लाय बदलायचा स्विच) बी फेजचा लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) हात लावू नये इतका तापतो, त्यामुळे माझा संशय तिथेच आहे. तांब्याच्या टर्मिनलला साधा ॲल्युमिनियम लग बसवलाय.

बायमेटॅलिक लग (तांबं-ॲल्युमिनियम जोडायचा), जोडावर लावायची पेस्ट आणि नीट क्रिम्पिंग एवढ्याने भागेल, की केबलच १२० स्क्वेअर एमएमची घ्यावी? मीटरपाशीच ३८८ मिळतात, त्यासाठी महावितरणकडे ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सेटिंग) बदलून मागावा का? तोवर दोन्ही गनची लिमिट २०+२० किलोवॅटवर ठेवणं बरं, असं वाटतं.

दुसरं म्हणजे ॲप पैसे आधीच कापतं. सेशन तुटलं की रिफंड उशिरा येतो आणि ड्रायव्हर पंपावरच्या पोरांशी भांडतात, ज्यांच्या हातात काहीच नसतं. युनिट मोजून झाल्यावर डायनॅमिक क्यूआर (नेमक्या बिलाच्या रकमेचा क्यूआर) देणारी सोय कुणी वापरतंय का? शिफ्टचा हिशेब कसा जुळवता?