"चुकून गोळी सुटली" यातलं "चुकून" कुणाचं?

हुरॉनकाठ
मंडळी, एका वाक्यात अडकले आहे. मी मिशिगनमध्ये असते. इथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांसाठी एक पानी सूचनापत्रक करायचं काम माझ्याकडे आलंय. सहा-सहा महिन्यांसाठी येणारे आजी-आजोबा दुपारी नातवंडं सांभाळतात आणि पोरं शेजारीपाजारी खेळायला जातात. मजकूर साधा आहे: मूल ज्या घरी जाणार तिथे बंदूक आहे का, असली तर कुलपात आहे का, हे आधी विचारा, विचारताना संकोच नको. इथे फेब्रुवारी २०२४ पासून तसा कायदाच आहे. घरात अल्पवयीन मूल असण्याची शक्यता असेल तर बंदूक अशीच पडू द्यायची नाही. ती रिकामी करून तिला कुलूप लावायचं, नाहीतर कुलपाच्या पेटीत ठेवायची.

अडलं ते पुढे. मूळ इंग्रजीत "अनइंटेन्शनल शूटिंग" आहे. मी लिहिलं, "लहान मुलाच्या हातून चुकून गोळी सुटून जीव गेल्याच्या घटना घडतात." मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, "चुकून काढ. चूक पोराची नाहीये, बंदूक उशाखाली ठेवणाऱ्या बापाची आहे. आणि सुटली म्हणजे? शाळा सुटली तशी?" मग अनवधानाने, नकळत, अपघाताने असं सगळं करून पाहिलं. एकही बसत नाहीये. तुम्ही काय लिहाल? शुक्रवारपर्यंत द्यायचं आहे.

शब्दवेडी
मैत्रीण हुशार आहे. "सुटणे" हे फार सोयीचं क्रियापद. बाण सुटला, तोल सुटला, तोंड सुटलं. करणारा कुठेच नाही. आपली भाषा याबाबतीत अगदी दिलदार आहे. आमच्या घरात तीस वर्षांत कुणीही एकसुद्धा कप फोडलेला नाही, सगळे आपापले फुटलेत. दूध मी कधी उतू घालवलं नाही, तेच जातं.
"गोळी झाडली" म्हटलं की लगेच "कुणी?" विचारावं लागतं. "सुटली" म्हटलं की प्रश्नच मिटला.

खाकी_निवृत्त
याहून मोठा घोळ "मिसफायर"चा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात अभिनेता गोविंदाला स्वतःच्याच रिव्हॉल्वरची गोळी पायात लागली, तेव्हा बातम्यांत दिवसभर "मिसफायर झालं" चालू होतं. अहो, मिसफायर म्हणजे चाप ओढूनही काडतूस न उडणं! गोळी पायात घुसली तर ते मिसफायर कसलं, ते चांगलं फायर झालं. आमच्या खात्यातही लोक सर्रास हेच बोलायचे, मीही बोललोय, खोटं कशाला सांगू. खऱ्या मिसफायरला मराठीत झकास शब्द आहे: फुसका बार.

दस्तुरखुद्द
मूळ रोग वेगळाच आहे. बंदूक अरबी, पिस्तूल युरोपातलं, काडतूस पोर्तुगीज, तोफ तुर्की, परवाना फारसी. ज्या भाषेतल्या फारसी शब्दांना पर्याय द्यायला शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवला, तिने हत्यारासाठी उसनवारी का करावी? अग्न्यस्त्र म्हणा. परवान्याला अनुज्ञप्ती म्हणा. तसंच हातात धरून चालवायचं ते शस्त्र आणि फेकायचं ते अस्त्र, हा भेदही आपण विसरलोय. या न्यायाने गोळी हे अस्त्र ठरतं.

शब्दवेडी
"दस्तुरखुद्द" हे नाव घेऊन फारसी शब्दांवर घसरताय, कमाल आहे. दस्तूरही तिकडचा आणि खुद्दही तिकडचा.

दस्तुरखुद्द
नाव उपरोधाने घेतलं आहे. कळेल असं वाटलं होतं.

हुरॉनकाठ
पुण्याहून आलेल्या सत्तरीच्या काकूंना मी "त्यांच्या घरी अग्न्यस्त्र आहे का विचारा" असं लिहून दिलं तर त्या धनुष्यबाण शोधतील. बंदूकच राहू द्या. माझा प्रश्न "चुकून"चा आहे.

टेक्सासचा_बापू
माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही तिजोरीत, आणि मला त्याची लाज वाटत नाही हे आधीच सांगतो, कारण पुढे कुणीतरी विचारणारच. रेंजवर कुणी "चुकून सुटली" म्हणालं तर शिकवणारा माणूस तिथेच सोलून काढतो. आमच्यात "ॲक्सिडेंटल" म्हणत नाहीत, "निग्लिजंट डिस्चार्ज" म्हणतात. पहिला धडाच हा: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, नळी नको तिकडे करायची नाही, नेम धरल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही, आणि नेमाच्या मागे काय आहे ते बघायचं. हे पाळलं तर गोळी आपोआप सुटत नसते. म्हणून "निष्काळजीपणे" लिहा.
आणि जबाबदारी माणसाची असते, लोखंडाची नाही. बंदुका माणसं मारत नाहीत, माणसं माणसं मारतात.

शब्दवेडी
बापू, तुमचं घोषवाक्य मराठीत येतच नाही! "माणसं माणसं मारतात" यात कोण कुणाला मारतं ते कळायला "माणसांना" हवं. शिवाय "मारणे" म्हणजे थोबाडीत मारणंही. "बंदुका मारत नाहीत" वाचून माझ्या आईला वाटेल, बंदुकीच्या दस्त्याचं चाललंय.

व्याकरणशेट
मुद्दा याहून खोल आहे. मराठीत कर्त्यालाही "ने" आणि साधनालाही "ने". शाळेत "रामेण बाणेन हतो वाली" घोकलं होतं, आठवतंय? रामाने बाणाने वाली मारला. पाणिनीने "कर्तृकरणयोस्तृतीया" असं एकाच सूत्रात दोघांना एका विभक्तीत बसवलं. आता "बंदुकीने मुलाचा जीव घेतला" असं वाक्य घ्या. इथे बंदूक कर्ता की करण? मराठी सांगत नाही. अमेरिकेत एक बाजू तिला कर्त्याच्या खुर्चीत बसवते, दुसरी म्हणते ती नुसतं करण आहे, कर्ता दुसराच. आपल्याकडे एकाच "ने"मध्ये दोन्ही बाजू गुण्यागोविंदाने नांदतात.

टेक्सासचा_बापू
वालीच्या वधाबद्दल कुणी बाणांवर बंदी आणा म्हणालं नाही.

आकडेमोड
कारण वाली झोपला असताना अंगदाच्या हाती भाता लागला नव्हता.
जाता जाता, "बंदूक हिंसाचार" हा शब्दही मला खटकतो. मराठीत हिंसाचार म्हटलं की दगडफेक, जाळपोळ, संचारबंदी. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली आणि त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त! कपाळाला नळी लावून गेलेल्या माणसाला "हिंसाचाराचा बळी" म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. शब्द चुकला की डोळ्यांपुढचं चित्रच चुकतं. माझ्या मते नुसतं "बंदुकीने होणारे मृत्यू" म्हणावं.

शब्दवेडी
पण हिंसा स्वतःचीही असतेच की. "आत्महिंसा" जैन ग्रंथांत सापडेल.

आकडेमोड
ग्रंथांत सापडेल हो. एसटीत नाही सापडणार.

जुना_वकील
उशिरा आलो. "चुकून"वरून एवढी चर्चा, आणि आपल्या प्रत्येक ठाण्यात रोज लिहिला जाणारा शब्द कुणालाच आठवू नये? हयगय! अपघाताची कुठलीही फिर्याद काढा: "भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे." निष्काळजीपणाने जीव घेतला तर पूर्वी दंड संहितेचं कलम ३०४-अ होतं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम १०६ आहे, पाच वर्षांपर्यंत.

तुमच्या मिशिगनचंच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या शाळेत एका मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल बापाने चारच दिवसांपूर्वी विकत घेतलं होतं. मुलाला जन्मठेप झाली, ते वेगळं. २०२४ मध्ये आई आणि बाप, दोघांनाही वेगवेगळ्या खटल्यांत ज्यूरीने दोषी धरलं आणि एप्रिलमध्ये प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या अशा गोळीबारासाठी आईबापांना मनुष्यवधात दोषी धरायची तिथली ती पहिलीच वेळ. आता तो गुन्हा मराठीत सांगून दाखवा. "इनव्हॉलंटरी मॅनस्लॉटर"चं "अनैच्छिक मनुष्यवध" केलेलं मी वाचलंय. अनैच्छिक स्नायू असतात, शाळेत शिकलो होतो. बहुतेक जण "सदोष मनुष्यवध" लिहून मोकळे होतात, पण ते आपल्या कायद्यातल्या दुसऱ्याच गुन्ह्याचं नाव. शिवाय शब्दच असा की जणू वध करायला गेला आणि नीट जमला नाही.

पायरीवरचा
त्या आईबापांनी गोळी झाडली नाही, सुटलीही नाही. झाडू दिली. "मुलाच्या हाती बंदूक पडू दिल्याने" असं लिहिता येईल का?

दस्तुरखुद्द
हयगय कुठून आला? संस्कृत असणं शक्य नाही.

व्याकरणशेट
बंदुकीचं मूळ त्याहून सुरस आहे. अरबीत "बुंदुक" म्हणजे पहाडी बदामासारखं एक गोल फळ, ज्याला हल्ली चॉकलेटवाले हेझलनट म्हणतात. तो शब्दही ग्रीकांकडून आलेला, पोंटस प्रदेशातलं फळ म्हणून. फळासारखी गोल गोळी ती बुंदुक, आणि ती उडवणारी बंदूक. म्हणजे बदामावरून गोळी आणि गोळीवरून हत्यार.

गोमंतकी
आमचे सर सांगायचे की अरबीत व्हेनिसला "बुंदुकिया" म्हणतात आणि तिथून बंदूक आली.

व्याकरणशेट
शहराचं नाव तसं आहे खरं. पण ते व्हेनिसच्याच जुन्या नावाचा अरबी उच्चार. शब्द नुसते शेजारी राहतात, नातं नाही.

गोमंतकी
सर चुकायचे नाहीत.

तळकोकण
तुम्ही शब्द चघळताय, मी वापरलेली सांगतो. आमच्या आजोबांकडे ठासणीची होती, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. वांदर आणि डुकरं, दुसरं काय. निवडणूक आली की आचारसंहितेत गावातल्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा, पावती घेऊन यायचं. आजोबा दर वेळी करवादायचे, "मत मी देतलंय, बंदूक काय मत देतली?" बापू, तुमचं घोषवाक्य आमच्या परसात ह्या असा होता.

पण मी काय सांगत होतो. त्यांच्या एका चुलत भावाने रात्री पारधीला गेलेलं असताना झुडूप हललं म्हणून बार काढला. डुक्कर नव्हतं, गावातलाच माणूस होता. जगला, पण पाय गेला. पुढे तीस-चाळीस वर्षं गावात वाक्य एकच: "त्येका बार लागलो." कुणाचा, ते कधी कुणी बोललं नाही, आणि सगळ्यांना ठाऊक. तो पाय ओढत आमच्या अंगणातून जायचा, आजोबा उठून उभे राहायचे. आम्हा पोरांना वाटायचं, मान देतात.
त्यानंतर आजोबांची बंदूक भिंतीवर कायम रिकामी. दारू एका डब्यात, छर्रे आजीच्या पेटाऱ्यात, आणि पेटाऱ्याची किल्ली आजीच्या कमरेला. कायदा कुणी सांगितलेला नव्हता.

हुरॉनकाठ
हे वाचून थोडा वेळ काही सुचलंच नाही. किल्ली आजीच्या कमरेला, हे पत्रकात घालावंसं वाटतंय.

टेक्सासचा_बापू
मीही तेच म्हणतोय! आजोबांना सरकारने सांगितलं नाही, त्यांनी स्वतः केलं. याला म्हणतात जबाबदारी.

आकडेमोड
चुलतभावाला कुणी सांगितलं होतं? आजोबांना अक्कल येण्यासाठी एकाचा पाय जावा लागला. तुमचं ऐच्छिक शिस्तीचं गणित नेहमी एका पायानंतर सुरू होतं. आणि परवाना, आचारसंहिता, जमा करण्याची पावती, हे काय सरकारने सोडून दिलेलं दिसतंय?

टेक्सासचा_बापू
परवाने असूनही आपल्याकडे गावठी कट्टे मिळतातच ना? लग्नात हवेत गोळ्या उडवणारे परवानाधारकच असतात.

खाकी_निवृत्त
"हवेत गोळीबार" हा अजून एक लबाड शब्द. हवेत गेलेली गोळी हवेतच राहते असं वाटतं ऐकून. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने तो स्वतंत्र गुन्हा केला, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं.

दस्तुरखुद्द
"जबाबदारी" शब्दावर बोलू का? जवाब अधिक दार. ज्याला जाब द्यावा लागतो तो. उत्तरदायित्व हा त्याचाच संस्कृत अवतार आहे, आणि मी फारसीविरोधी असूनही मान्य करतो की "जाब" जास्त बोचतो. उत्तर काय, परीक्षेतही देतात.

शब्दवेडी
आज पहिल्यांदा पटलात. जाब विचारतात, उत्तर मागतात. फरक आहेच.

हुरॉनकाठ
मंडळी, पत्रक गेलं. मी अखेर "मोठ्यांच्या हयगयीमुळे लहान मुलांच्या हातून गोळी सुटते" असं केलं होतं. वरती कुणीतरी "पडू दिल्याने" सुचवलं होतं ते मी आज सकाळी पाहिलं. तेच घ्यायला हवं होतं. असो, दोन्हींचा उपयोग नव्हता. मंडळाच्या समितीने म्हटलं की हयगय फार टोचतं, लोक रागावतील. छापून आलंय: "दुर्दैवी घटना टाळण्यासाठी." किल्लीचं वाक्य मात्र राहिलं.

जुना_वकील
दुर्दैवी! अहो, जुन्या दंड संहितेचं कलम ८० काढा. कायदेशीर काम पुरेशी काळजी घेऊन करताना अपघाताने किंवा दुर्दैवाने काही घडलं तर तो गुन्हाच नाही. तिथला दाखला कुऱ्हाडीचा आहे: पातं निसटून शेजारचा मेला. तुमच्या समितीने एका शब्दात सगळ्यांना निर्दोष सोडलं.

शब्दवेडी
कुऱ्हाडीचं पातं "निसटलं". पुन्हा तेच. कुणी घट्ट बसवलं नव्हतं ते नाहीच.

तळकोकण
ते राहू दे. वर खाकीसाहेबांनी आणि बापूंनी ज्याला चाप म्हटलंय त्याला आमच्याकडे घोडा म्हणत. आजोबा म्हणायचे, "घोड्याक बोट लावू नको."

खाकी_निवृत्त
घोडा म्हणजे मागे खेचायचा तो, टोला देणारा. चाप वेगळा, बोटाखालचा. मुंबईत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात.

तळकोकण
ठासणीच्या बंदुकीत मागे खेचायचा तो घोडा हे मान्य. मग आजोबा बोट कशाला लावू नको म्हणायचे? बोट तर चापालाच लागतं ना.