मदत हवी आहे : अकरावी सायन्सला गणित आणि बायोलॉजी दोन्ही घ्यावं का?

मंडळी, लेकीचा दहावीचा निकाल लागला. मार्क चांगले आहेत. सायन्सला जायचं हे तिचं ती ठरवून मोकळी झाली आहे आणि त्यावर आमचं काही म्हणणं नाही. घोडं अडलंय ते विषयांवर. आम्ही नवराबायको दोघंही कॉमर्सवाले, त्यामुळे घरात विचारायला कोणी नाही. बाहेर विचारावं तर ज्याच्या मुलाने जे घेतलं तेच बरोबर.

तिला जीवशास्त्र मनापासून आवडतं. गणित आवडतं असं नाही म्हणता येणार, पण जमतं. डॉक्टर व्हायचंय का? "बघू." इंजिनीअरिंग? "बघू." वय सोळा, तेव्हा हे उत्तर मला तरी प्रामाणिक वाटतं. नातेवाईक मात्र म्हणतात, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घेऊन टाका, दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. मोकळ्या राहतात हे कबूल. पण त्यापायी रोजचा अभ्यास किती वाढतो, हे कोणीच सांगत नाही.

राज्य मंडळातच राहणार आहोत. जेवढं वाचून कळलं ते असं : बारावीला मुख्य विषय सहाच. इंग्रजी सक्तीचं, दुसरी भाषा किंवा आयटी, मग फिजिक्स, केमिस्ट्री आणि आणखी दोन. म्हणजे गणित सोडलं तरी त्या जागी भूगोल, मानसशास्त्र असं काहीतरी घ्यावंच लागणार, कॉलेजात जे असेल ते. मी इतके दिवस समजत होते की पीसीएमबी म्हणजे एक विषय जादा! तसं नसेल तर मग सगळे त्याला एवढे घाबरतात का?

दुसरं, अकरावीत नेमका किती अभ्यास अपेक्षित असतो? एक गट सांगतो, अकरावीची परीक्षा कॉलेजच घेतं, ते मार्क पुढे कुठे धरत नाहीत, वर्षभर जरा श्वास घेऊ द्या पोरीला. क्लासवाले सांगतात, आजपासून लागा नाहीतर संपलं. क्लासवाल्यांचा धंदाच तो आहे, पण सगळंच खोटं असेल असंही नाही.

तिसरं, इंटिग्रेटेड कॉलेजचं काय करावं? म्हणजे कॉलेज नावापुरतं आणि दिवसभर क्लास. अनुभवी लोकांनी लिहावं, ही विनंती.

प्रतिसाद

दोन्ही घ्या. नाही झेपलं तर बारावीला एक सोडा. सोपं आहे.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादावर विसंबून प्रवेश घेऊ नका, ताई. अकरावीला घेतलेलेच विषय बारावीला चालू राहतात असं धरून चाला. बदल कॉलेजच्या परवानगीशिवाय होत नाही आणि त्यासाठी बऱ्याच खेपा घालाव्या लागतात. त्या कॉलेजात हे कसं चालतं, ते प्रवेशाच्या आधीच विचारून घ्या.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो, तेव्हा माझं मत थोडं एकतर्फी असेल. विषयांची संख्या तीच राहते हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर, आणि ते बऱ्याच पालकांच्या लक्षात येत नाही. फरक वजनात पडतो. भूगोल किंवा मानसशास्त्र परीक्षेआधी नेटाने बसून उरकता येतं. गणित तसं उरकत नाही. बारावीचं आमचं पुस्तक दोन भागांत आहे, पहिल्यात सात प्रकरणं आणि दुसऱ्यात आठ. त्या आठांतली सहा म्हणजे डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन आणि त्यांचा गोतावळा. अकरावीत त्रिकोणमिती, फंक्शन्स आणि लिमिट्स कच्ची राहिली असतील तर ही सहाही प्रकरणं डोक्यावरून जातात. मुलं म्हणतात इंटिग्रेशन अवघड आहे. बहुतेक वेळा इंटिग्रेशनची पायरी त्यांना कळलेली असते, सूत्र आठवत नसतं ते अकरावीच्या त्रिकोणमितीचं.

बायोलॉजीची गोष्ट वेगळी. बारावीला १५ प्रकरणं, बॉटनी आणि झूऑलॉजी एकाच ७० मार्कांच्या पेपरात, वर ३० प्रॅक्टिकलचे. एक प्रकरण समजायला वेळ लागत नाही, पण ते चारदा वाचल्याशिवाय नावं आणि क्रम डोक्यात बसत नाहीत. आकृत्यांचा सराव वेगळाच. म्हणून पीसीएमबीवाल्याला रोज गणितं सोडवायची असतात आणि रोज मागचं उजळायचंही असतं. दोन्हींपैकी एक जरी "रविवारी बघू" वर गेलं की ते मागे पडलंच समजा.

आता अकरावीबद्दल. ते मार्क पुढे धरत नाहीत हे खरं, पण अभ्यासक्रम धरतात. आपल्या एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतात, आणि अकरावीची कुठली प्रकरणं येणार ते सीईटी सेल आधी जाहीर करतं. नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) आणि जेईईत (इंजिनीअरिंगची) मात्र जवळजवळ निम्मा अभ्यासक्रम अकरावीचा. म्हणजे सीईटीपुरतं बघायचं असेल तर मोजक्या प्रकरणांवर अकरावी निभावते, नीटचा विचार असेल तर अजिबात निभावत नाही.

आणि एक गोष्ट पीसीबीवाल्यांना, म्हणजे गणित सोडून बायोलॉजी घेणाऱ्यांना, कोणी सांगत नाही : गणित सोडलं म्हणून गणित सुटत नाही. नीटला १८० पैकी ९० प्रश्न बायोलॉजीचे, पण ४५ फिजिक्सचे असतातच, आणि त्याला व्हेक्टर, लॉगॅरिदम, थोडं डिफरन्सिएशन-इंटिग्रेशन लागतं. चुकीच्या उत्तराला एक मार्क कापला जातो, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. तुमच्या मुलीला गणित जमतं, ही तिची फिजिक्समधली मोठी मदत आहे, विषय घ्या किंवा घेऊ नका.

प्रतिसाद

मी पीसीएमबी केलं, आता बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकू, अभ्यासापेक्षा मला जर्नलांनी जास्त छळलं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीची प्रॅक्टिकल, त्यांची जर्नल, वायवा, शिवाय गणिताचे प्रॅक्टिकल, आयटीचे, इंग्रजीची तोंडी परीक्षा. एकेकटं काहीच अवघड नाही, पण सगळ्यांची सबमिशनची तारीख एकाच आठवड्यात येते. जर्नल त्या त्या दिवशी लिहून टाकायचं, एवढं जरी पाळलं तरी अर्धी कटकट वाचते.

बारावीच्या सहामाहीनंतर मी ठरवलं की सीईटी पीसीबी ग्रुपची द्यायची आणि गणित फक्त बोर्डापुरतं करायचं. पीसीएम आणि पीसीबी हे सीईटीचे वेगळे ग्रुप आहेत, दोन्ही देता येतात, माझ्या वर्गातल्या काहींनी दिलेही. पण दोन्हीची तयारी सारखी करणारे फार थोडे बघितले. बहुतेक जण कधीतरी एक बाजू धरतातच, त्यामुळे ती कधी धरायची याची तारीख मनात ठेवा.

आणखी एक. डॉक्टर नाहीतर इंजिनीअर असं दोनच खिशांत सगळं कोंबू नका. फार्मसीला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित किंवा बायोलॉजी काहीही चालतं. बी. एस्सी. अ‍ॅग्रीलाही दोन्हीकडची मुलं येतात. उलट स्टॅटिस्टिक्स किंवा आर्किटेक्चर डोक्यात असेल तर गणित सोडून चालणार नाही.

दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेतलं तर त्याची ८० मार्कांची परीक्षा संगणकावर होते. मी घेतलं होतं, बरं गेलं. मराठी मनापासून आवडत असेल तर मात्र उगाच सोडू नये, आठवड्यातला तो एकच तास असतो जिथे न्यूमेरिकल नसतं.

प्रतिसाद

एक पुरवणी. कॉलेजवाले बायफोकलचा, म्हणजे कॉम्प्युटर सायन्ससारख्या व्यावसायिक विषयाचा, आग्रह करतील. तो २०० मार्कांचा असतो आणि दुसऱ्या भाषेची आणि आणखी एका विषयाची जागा घेतो. मग गणित आणि बायोलॉजी दोन्ही बसत नाहीत. सही करण्याआधी हे लक्षात असू द्या.

इंटिग्रेटेडबद्दल : वेळ वाचतो हे खरं, पण प्रॅक्टिकल खरोखर होतात का ते आत जाऊन, प्रयोगशाळा उघडायला लावून बघा. प्रॅक्टिकलचे ३० मार्क हातचे असतात, आणि बोर्डाचे मार्क अगदी फुकटचे नाहीत. जेईईतून एनआयटी किंवा आयआयटीत जायचं तर खुल्या वर्गाला बारावीत ७५ टक्के तरी हवेत, नाहीतर बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. नीटलाही खुल्या वर्गाला पीसीबीत ५० टक्क्यांची अट आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. सर, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचायला दिला. "गणित सोडलं म्हणून गणित सुटत नाही" यावर तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आता सरळ विचारते : ती सध्या सुट्टीतच आहे. प्रवेशापर्यंतच्या दिवसांत तिला झेपेल की नाही याचा अंदाज घेण्याचा काही उपाय आहे का?

प्रतिसाद

आहे. अकरावीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. गणितातलं त्रिकोणमितीचं पहिलं प्रकरण आणि बायोलॉजीतलं पेशीरचनेचं, ही दोनच प्रकरणं तिला एकटीला करू द्या. क्लास नको, व्हिडिओ नको. गणितात उत्तर चुकल्यावर ती परत वही उघडते की पुस्तक मिटते, एवढंच बघा. मार्क बघू नका. वही मिटत असेल तर पीसीबी आणि सोबत हलका विषय. उघडत असेल तर दोन्ही घ्यायला हरकत नाही, बारावीच्या सहामाहीला बाजू ठरवा.

धागाकर्ती

उद्यापासून बसवते तिला. खरं तर तीच म्हणाली, बायोलॉजी आधी करते! शनिवारी आम्ही दोन कॉलेजं बघायला जातोय. विचारायच्या यादीत विषय बदलण्याचा नियम, प्रयोगशाळा, बायफोकल आणि आयटीची सोय लिहिली आहे. आणखी काही राहिलं असेल तर शुक्रवार रात्रीपर्यंत इथे टाका.