प्रति: गोळीला दुखणारी जागा कशी कळते?

वरती कुणीतरी लिवलंय की गोळी बरोबर दुखणाऱ्या जागी जाऊन बसते, तसं काय नसतंय वो. आतड्यातनं रक्तात जाते खरं, पण आधी लिव्हरचा नाका लागतोय आणि तिथं बऱ्याच औषधांचा निम्माशिम्मा माल कापला जातो, म्हणून तर छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगतात, तिथनं थेट रक्तात. पुढं रक्त नेईल तिकडं, अख्ख्या अंगभर.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. आमच्या निपाणी भागात तंबाखू-बिडी म्हणजे घरचंच. मामा दम्यासाठी थिओफिलिन घ्यायचा, बिडीही चालूच. बिडीच्या धुरातल्या जळक्या हायड्रोकार्बननी (निकोटीननं नव्हे, त्यामुळं नुस्ती तंबाखू मळणाऱ्याचं असं होत नाही) लिव्हरमधलं औषध मोडणारं सीवायपी१ए२ एन्झाइम वाढतं आणि गोळी भराभर संपते, म्हणून डोस जास्त लागतो. मामानं एकदम बिडी सोडली, चांगलंच केलं की, पण डोस तोच राहिला, मग गोळी आधीसारखी भराभर संपेना आणि अंगात साठायला लागली! आठवड्याभरात मळमळ, धडधड, झोप नाही. घरातले म्हणाले बिडी सुटल्याचा त्रास हाय, एखादी ओढ की. शेवटी डॉक्टरनी रक्त तपासून डोस कमी केला तेव्हा थांबलं.

आणि थायरॉईडची गोळी चहाबरोबर चालते का विचारलेल्या ताई, नको. उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या, चहा अर्ध्या-पाऊण तासानं, दुधातलं कॅल्शियम तिला आतड्यातच अडवून ठेवतंय.