भाषांतराचे बुकमार्कलेट मोबाइलवरही चालते
जर्मन किंवा जपानी पानाचा पत्ता दर वेळी कॉपी करून गूगल ट्रान्सलेटमध्ये चिकटवण्याऐवजी बुकमार्कलेट (म्हणजे पत्त्याऐवजी छोटा कोड साठवलेला बुकमार्क, जो समोरचे पान थेट गूगल ट्रान्सलेटमध्ये उघडतो) वापरावे, ही सूचना योग्यच आहे. मात्र मोबाइलवर ते चालत नाही, असे काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये ते पान समोर असताना पत्त्याच्या पट्टीत बुकमार्कचे नाव टाइप करून खाली आलेल्या सूचनांतून तो निवडल्यास काम होते, म्हणून नाव 'मराठीत' असे छोटे आणि वेगळे ठेवावे. बुकमार्कलेटच्या कोडच्या सुरुवातीचा 'javascript:' हा शब्द गळालेला नाही ना, हे आवर्जून पाहावे, कारण पत्त्याच्या पट्टीत चिकटवताना क्रोम तो काढून टाकतो. लॉगिन केल्यावरच दिसणारी पाने या मार्गाने भाषांतरित होत नाहीत, कारण गूगलचा सर्व्हर ते पान स्वतः नव्याने मागवतो. बँकेच्या पानांबाबत तर हे चांगलेच आहे.