नॅनो मास्टरबॅच टाकल्यापासून झाकणं उलट लवकर फुटायलीत, काय चुकतंय?

उद्यमबागवाला:
नमस्कार मंडळी. उद्यमबागेत माझं छोटं मोल्डिंग युनिट आहे, दोनच मशिनी, फवारणी पंपाची पांढरी झाकणं काढतो पीपीमध्ये (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक). जानेवारीत एक सेल्सवाला आला, म्हणाला नेहमीचं पांढरं मास्टरबॅच (प्लास्टिकमध्ये मिसळायचे रंगाचे घट्ट दाणे) बंद करा, हे नॅनो टायटॅनियमचं दोन टक्के टाका, ताकद पण वाढते आणि ऊन पण बाधत नाही. शंभर किलोला दोन किलो टाकलं, माल एकदम पांढराशुभ्र निघाला. खरं फेब्रुवारीत गच्चीवर ठेवलेली झाकणं मे महिन्यात बघतोय तर बोट फिरवलं की पांढरी पावडर लागायली आणि अंगठ्यानं दाबलं की कड टचकन तुटायली. शेजारी ठेवलेली जुन्या मालातली झाकणं बरी होती. हे नॅनो म्हणजे नुसतं नावच काय ओ?

पॉलिमरमास्तर:
नाव नाही, खरं तुमच्याकडं नॅनो आलंय का हीच शंका आहे. साधा पांढरा रंग देणारा टायटॅनियम डायऑक्साइडचा कण 200-300 नॅनोमीटरचा (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असतो, तो उजेड फेकतो म्हणून पांढरा दिसतो. 20-30 नॅनोमीटरचा कण नीट पसरला तर तेवढा झाकत नाही, झाकण धुरकट अर्धपारदर्शक दिसायला पाहिजे होतं. तुमचं पांढराशुभ्र आलं म्हणजे एक तर साधंच पिगमेंट आहे, नाहीतर कणांचे गठ्ठे झालेत. आणि गठ्ठे होणारच की, 20 नॅनोमीटरच्या एक ग्रॅम पावडरीचा पृष्ठभाग साधारण 70 चौरस मीटर भरतो, एक मायक्रॉनच्या (हजार नॅनोमीटर) चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या, पावडरीचा दोनच्या आसपास. एवढा पृष्ठभाग, त्यावर ओलावा धरणारं ऑक्साइड, आणि पीपी तर तेलासारखं, दोघांचं जमतच नाही. म्हणून कणावर सिलेन किंवा स्टिअरिक ॲसिडचा लेप देतात आणि ट्विन स्क्रूमध्ये (दोन स्क्रूचं मिसळायचं मशीन) चांगलं घोटून मग मास्टरबॅच करतात. नीट पसरलं तर दोन-तीन टक्क्यातही कडकपणा वाढतो, गठ्ठा राहिला तर तडा तिथूनच सुरू होतो, कड तुटली ती तशीच.

पावडर हाताला लागली त्याचं कारण वेगळं. टायटॅनियम डायऑक्साइडचे मुख्य दोन प्रकार, रुटाइल आणि अनाटेज. अनाटेज ऊन पितं आणि हवेतल्या ऑक्सिजन-ओलाव्याबरोबर शेजारच्या प्लास्टिकच्याच साखळ्या तोडतं. बाहेरच्या मालाला ॲल्युमिना-सिलिकाचा लेप दिलेलं रुटाइल लागतं, वर हाल्स स्टॅबिलायझर (उन्हापासून प्लास्टिक वाचवणारं रसायन) वेगळा. कॉलेजात कुणी ओळखीचं असेल तर एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) काढून घ्या, नेहमीच्या तांब्याच्या ट्यूबवर आलेखात 25.3 अंशाला शिखर आलं तर अनाटेज, 27.4 ला आलं तर रुटाइल.

मच्छेचा_फौंड्रीवाला:
एक्सआरडी नंतर बघा, आधी राख काढा. पाच ग्रॅम मास्टरबॅच क्रुसिबलमध्ये (उष्णता सोसणारी वाटी) आधी बाहेर उघड्यावर जाळून घ्या, मग मफल भट्टीत 600 डिग्रीला ठेवा, प्लास्टिक सगळं जाईल, उरेल ते वजन करा. मग थंड राखेवर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब. फसफसलं तर चुना आहे, आवाज न करता विरघळलं तर झिंक ऑक्साइड असू शकतं, तळाला तसंच बसलं तर टायटॅनियम असू शकतं. झिंक असलं तर राख गरम असताना पिवळी आणि गार झाली की पांढरी, बघायला मजा येते.

चिकोडीकर:
आमच्या उसातली ड्रिपची काळी नळी इतकी वर्षं उन्हात पडून आहे, त्यात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक (काजळी) असतो म्हणे. झाकणं काळी केली तर चालणार नाहीत काय?

उद्यमबागवाला:
चिकोडीकर, गिऱ्हाईकाला पांढरंच पाहिजे ओ. राख काढली. पाच ग्रॅमला एक ग्रॅम, म्हणजे वीसच टक्के भरणा. दोन टक्के मास्टरबॅच टाकलं म्हणजे मालात 0.4 टक्केच गेलं, आणि मी गड्याला सांगत होतो दोन टक्के नॅनो घातलंय म्हणून! वर ॲसिड टाकलं तर चांगलं फसफसलं, थोडं तळाला बसलं. म्हणजे चुना मिसळून दिलाय, त्यात टायटॅनियम किती देव जाणे. सेल्सवाल्याचा फोन लागंना झालाय. अठरा किलो शिल्लक आहे, काय करू?

पॉलिमरमास्तर:
मोरीतल्या मगात नाहीतर कपड्याच्या हँगरमध्ये घाला, घरात ऊन लागत नाही. पंपाच्या झाकणात परत घालू नका.